कॉलेजचा अर्ज पहिलीच्या रजिस्टरापासून सुरू होतो



दिवाळी झाली की चाळीसगावकडच्या तांड्यांवरून, साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जातं, कोणी गुजरातेत बारडोली-सुरतकडे. ही वाट जुनी आहे. यान ब्रेमन या डच अभ्यासकांनी बारडोलीच्या ऊसपट्ट्यातल्या खानदेशी तोडणी मजुरांवर १९७० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. आता याच घरांतली काही मुलं बारावी पास होऊन जळगाव, धुळे, अमळनेरच्या कॉलेजांच्या दारात येतात. घरात याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नसतं. आई-वडील म्हणतात, "आमले काय समजस गुरुजी, तुम्हीच सांगा."

मग आपण काय सांगायचं? बहुतेक वेळा आपण अभ्यासाचं सांगतो. पण अशा मुलांचं वर्ष मार्कांपेक्षा कागदांमुळे जास्त वाया जातं. आणि त्यातला पहिला कागद आपल्याच शाळेत तयार होतो.

१. जनरल रजिस्टरमधली नोंद

शाळा सोडल्याचा दाखला हा जनरल रजिस्टरचा उतारा असतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळीकडे तो आधी मागतात. स्थलांतरित मूल दोन-तीन शाळा बदलतं. एका शाळेत 'भिल', दुसरीकडे 'भिल्ल', तिसरीकडे नुसतं 'हिंदू'. कुठे आईचं नाव नाही, कुठे वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचं नाव. यातली प्रत्येक तफावत पुढे अधिकाऱ्यासमोर प्रश्न बनून उभी राहते.

आपल्याकडे यावल-रावेर पट्ट्यात तडवी भिल समाज आहे. तिथे रजिस्टरात फक्त 'मुस्लिम' लिहिलं आणि जमात लिहिली नाही, तर मुलाचा हक्काचा पुरावाच कच्चा राहतो. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आणि बारेला ही नावं बोलण्यात अदलाबदलीने येतात. कागदावर मात्र फरक पडतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल गटाखाली 'पावरा' आहे, 'बारेला' हे नाव मध्य प्रदेशच्या यादीत आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने लिहू नका. वडिलांचा किंवा काकांचा जुना दाखला पाहा आणि त्याप्रमाणेच नोंद करा. चूक आढळली तर दुरुस्तीला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मूल शाळेत शिकत असताना हे काम सोपं असतं, शाळा सोडल्यावर अवघड होतं.

२. तारीख आणि राज्य

जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. त्या तारखा अशा:

- अनुसूचित जाती: १० ऑगस्ट १९५०
- अनुसूचित जमाती: ६ सप्टेंबर १९५०
- विमुक्त जाती, भटक्या जमाती: २१ नोव्हेंबर १९६१
- इतर मागासवर्ग: १३ ऑक्टोबर १९६७

बडवानी, खरगोनहून या तारखेनंतर आलेल्या कुटुंबाचं काय? मूल जळगाव जिल्ह्यात जन्मलं, इथेच मराठी शाळेत शिकलं, तरी महाराष्ट्राच्या राखीव जागेचा लाभ त्याला मिळत नाही. वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून मिळणारा स्थलांतरितांचा दाखला मूळ राज्यासाठी आणि केंद्र सरकारच्या सवलतींसाठी चालतो. हे ऐकायला कडू आहे. पण नववीत कळलं तर मूल केंद्रीय संस्थांच्या परीक्षांची तयारी करू शकतं. बारावीनंतर जूनमध्ये कळलं तर हातात काहीच उरत नाही.

३. आजोबा शाळेतच गेले नाहीत, मग पुरावा कुठला?

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. समिती वडील-आजोबांचे जुने दाखले पाहते. पहिल्या पिढीच्या घरात ते नसतातच. अशा वेळी हे शोधा:

- तहसील कार्यालयातली जुनी जन्म-मृत्यू नोंद (गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात)
- जमिनीचे जुने सातबारा आणि फेरफार
- चुलत आजोबा, काका, आत्या यांच्यापैकी कोणी शाळेत गेलं असेल तर त्यांचा दाखला
- वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत, आणि वंशावळ

यातला शेवटचा कागद फार मोलाचा. तांड्यावर किंवा पाड्यावर एका मुलाला वैधता मिळाली की त्याच्या भावकीतल्या पुढच्या मुलांची वाट बरीच सोपी होते. म्हणून माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवा.

४. दहावी गुजरातेत केली तर?

काही पालक मुलांना सोबत नेतात आणि तिकडच्या शाळेत घालतात. पालकांना एवढं नक्की सांगा: महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला जायचं असेल तर साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय अधिवासाचा दाखला. इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांच्या अधिवासावरही मार्ग निघतो. दरवर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच शेवटचं ठरवा. मूल इथेच ठेवायचं तर हंगामी वसतिगृह, आश्रमशाळा किंवा शासकीय वसतिगृह हे पर्याय आहेत. आदिवासी मुलांसाठी यावल आणि धुळे इथल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

५. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

प्रश्न छोटा वाटेल, पण अर्ज इथेच अडकतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो नंबर वडिलांचा आणि वडील उसाच्या फडात, नाहीतर सिमच बंद पडलेलं. मुलाच्या आधारला चालू नंबर आणि मुलाच्या नावाच्या बँक खात्याला आधार, हे दोन्ही दहावीतच जोडून घ्या. आणखी एक गोष्ट पालकांना सांगा. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. हे माहीत नसल्याने लोक मुकादमाकडून उचल घेऊन फी भरतात आणि पुढचा हंगाम त्या उचलीत जातो.

६. कोणत्या इयत्तेत काय करावं

- पहिली ते पाचवी: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. मूल दुसऱ्या शाळेतून आलं तर आधीच्या दाखल्याशी पडताळून घ्या.
- आठवी: जातीचा दाखला काढायला घ्या. पालक गावात असतात तेव्हा, म्हणजे मे ते ऑक्टोबर.
- नववी: अधिवासाचा दाखला, चुकीच्या नोंदींची दुरुस्ती.
- दहावी: आधार, मोबाईल, बँक खातं.
- अकरावी: कॉलेजमार्फत जात वैधतेचा अर्ज. बारावीची वाट पाहू नका.
- बारावी: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, वसतिगृहाचा अर्ज.

पालकहो, गाडीत बसण्याआधी एक काम करा. सगळ्या मूळ कागदांची एक फाईल करून घरी राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवा आणि झेरॉक्सचा एक संच शाळेत द्या. फडातल्या खोपीत कागद भिजतात, हरवतात.

आणि शिक्षक मित्रांनो, सातवी-आठवीच्या वर्गात कोणाच्या घरून आजवर कोणीच कॉलेजला गेलेलं नाही, याची यादी या आठवड्यात करा. पंधरा-वीस नावं निघतील. त्यांची रजिस्टरातली ओळ एकदा नीट वाचा. तेवढ्या वाचनाने एखाद्या मुलीचं एक वर्ष वाचू शकतं. आणि अशा घरांत वाया गेलेलं वर्ष बऱ्याचदा लग्नात किंवा कोयत्यावर जातं, पुन्हा कॉलेजात येत नाही.