उन्हाळी फुलांचा हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत तुमच्या सज्जात किंवा परसात अशी एखादी कुंडी आहे का, की जिच्यात नुसती माती दिसते? पावसाळ्यात तिच्यात रुंद, हिरवीगार पाने होती. दिवाळीनंतर ती पिवळी पडली आणि गळून गेली. शेजारच्या कुंडीत मोगरा आहे. तो हिरवा आहे, पण त्यावर फुलाचा पत्ता नाही. अशा वेळी घरोघर दोन गोष्टी घडतात. पहिल्या कुंडीतले झाड मेले असे समजून माती ओतून टाकली जाते. आणि मोगऱ्याला रोज न चुकता तांब्याभर पाणी मिळते. पहिल्या कुंडीत मे-फुलाचा जिवंत कंद असतो. आणि मोगऱ्याला त्या दिवसांत पाण्यापेक्षा विश्रांतीची गरज असते. हे असे का, ते आज आपण पाहू.

आपला हिवाळा आणि त्यांचा हिवाळा

युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत डेलिया, ग्लॅडिओलस ही उन्हाळी फुले. तेथील लोक हिवाळ्यापूर्वी त्यांचे कंद उकरून काढतात आणि थंड, कोरड्या, पण गोठणार नाही अशा जागी ठेवतात. कारण तेथे जमिनीतील पाणीच गोठते. गोठताना पाणी शेकडा ९ ने प्रसरण पावते, म्हणून पेशी बाटलीसारख्या फुटतात, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बहुधा पेशींच्या बाहेरच्या पाण्याचा बर्फ आधी होतो. तो पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो, पेशी आक्रसतात आणि त्यांचे पटल निकामी होते. म्हणजे थंडीने मरणारा कंद खरे तर आतून कोरडा पडून मरतो.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बर्फाचा प्रश्नच नाही. तरीही येथील हिवाळा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा कडक असतो. बदलापूरला जानेवारीतील काही पहाटे पारा १२-१३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात तोच ४० च्या पुढे जातो. मुंबईला समुद्राची सोबत आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता १, तर कोरड्या मातीची सुमारे ०.२, त्यामुळे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. आपण मात्र समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याकडे राहतो. हिवाळ्यात हवेत बाष्प कमी, आकाश निरभ्र. जमिनीतून निघणारे अवरक्त प्रारण अडवायला वर फारसे काही नसते, आणि पहाटेपर्यंत जमीन झपाट्याने निवते.

अशा हवेत कंद उकरून काढण्याची गरज नाही. येथे कंदाचा शत्रू थंडी नसून आपल्या हातातील तांब्या आहे.

निजलेला कंद का कुजतो?

मे-फूल मूळचे आफ्रिकेतले. शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. काही जण त्याला फुटबॉल लिली म्हणतात, कारण एका दांड्यावर शंभर-दोनशेपर्यंत बारीक लाल फुलांचा चेंडू तयार होतो. त्याचे वर्ष असे: एप्रिलअखेर ते मे-जूनमध्ये फूल, पावसाळाभर पाने, आणि पाने गेल्यावर उन्हाळ्यापर्यंत झोप. पावसाळ्यातील पाने जे अन्न तयार करतात तेच कंदात साठते, आणि त्यावर पुढच्या वर्षीचे फूल येते. म्हणून पाने आपोआप पिवळी होईपर्यंत कापू नयेत.

आता झोपेच्या काळातील पाण्याचा विचार करू. झाड मुळांनी घेतलेले बहुतेक पाणी पानांतून बाष्पोच्छ्वासाने बाहेर टाकते. पानेच नसतील तर पाणी ओढले जात नाही. ते मातीत साचून राहते आणि मातीच्या कणांमधील हवेच्या पोकळ्या भरून टाकते. निजलेला कंद जिवंत असतो. तो मंदपणे का होईना, श्वसन करीत असतो. त्याला प्राणवायू हवा. पण पाण्यातून प्राणवायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. कंद गुदमरतो, दुबळा होतो आणि बुरशीला वाट मिळते. मे महिन्यात कुंडी उकरली की हाती लिबलिबीत गोळा येतो. एवढे नुकसान रोजच्या प्रेमळ तांब्याभर पाण्याने होते.

म्हणून पाने गेली की कुंडी छपराखाली सरकवा, तिच्यावर नाव आणि महिना लिहा आणि पाणी बंद करा. एप्रिलच्या उत्तरार्धात थोडे पाणी द्यायला सुरुवात करा. एक सावधगिरी: हा कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी आहे. तो स्वयंपाकघराजवळ ठेवू नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

मोगऱ्याला ताण

मोगरा कंदवर्गी नाही. त्याची पाने हिवाळ्यात पूर्ण जात नाहीत. पण फुले येतात ती नव्या फुटव्यावर. वर्षभर पाणी आणि खत मिळत राहिले तर झाड पाने वाढवीत बसते आणि जुन्या, लांबट फांद्यांचे जाळे होते. पालघर जिल्ह्यात वसई, जव्हार, विक्रमगड भागात शेतकरी मोगऱ्याचे पीक घेतात. मोगरा पिकवणारे शेतकरी त्याला हिवाळ्यात पाण्याचा ताण देतात, मग छाटणी करतात. ताणामुळे वाढ थांबते, पण पाने काही काळ अन्न तयार करीतच असतात. ते खर्च न होता फांद्यांत आणि मुळांत साठते. छाटणीनंतर पाणी मिळाले की त्या साठ्यावर एकदम अनेक फुटवे निघतात आणि त्यांवर कळ्या धरतात.

घरी असे करा. नोव्हेंबरअखेरपासून पाणी हळूहळू कमी करा. कुंडीत माती थोडी, म्हणून पूर्ण कोरडे पाडू नका. दुपारी पाने मलूल झाली तर घाबरू नका. पण पहाटेही ती मलूलच असतील तर थोडे पाणी द्या. तीन-चार आठवड्यांनी, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, वाळलेल्या व बारीक काड्या काढून झाड दीड फुटाच्या आसपास छाटा. वरची माती मोकळी करून कुजलेले शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये कळ्या दिसू लागतील.

कोणत्या सज्जात?

हे सगळे करूनही मोगरा फुलला नाही तर सूर्याकडे पाहा. अर्थात डोळ्यांनी नव्हे, गणिताने! आपला अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस ९० − १९.२ − २३.४ = ४७.४ अंश उंचीवर असतो. हे तिरपे ऊन दक्षिणेच्या सज्जात खोलवर येते, आणि ‘येथे भरपूर ऊन आहे’ असे आपल्याला वाटते. पण मेच्या मध्यास, १६ तारखेच्या आसपास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत तो दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेसच राहतो. त्या काळात दक्षिणेच्या सज्जात थेट ऊन मुळीच पडत नाही. मार्च-एप्रिलमध्येही माध्यान्हीचे ऊन वरचा स्लॅब अडवतो. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवे. तेव्हा हिवाळ्यात दक्षिणेस ठेवलेली कुंडी मार्चमध्ये पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या सज्जात, नाहीतर गच्चीवर न्यावी.

गच्चीवर कुंडी मातीचीच बरी. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दिवसात २०० ग्रॅम पाणी असे उडाले तर १,१६,००० कॅलरी खर्च होतील. एवढ्या उष्णतेने एक लिटरहून अधिक पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवता येईल. ही उष्णता बरीचशी कुंडीतून आणि मातीतून जाते, म्हणून मुळे माठातल्या पाण्यासारखी थंड राहतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत ही सोय नाही.

करून पाहा

१. जानेवारीत सारख्या आकाराच्या तीन प्लास्टिकच्या कुंड्या घ्या: एकीत पानांनी भरलेला मोगरा, दुसरीत निजलेले मे-फूल, तिसरीत नुसती माती. तिन्ही एकाच जागी ठेवून प्रत्येकीत २०० मिलिलिटर पाणी घाला आणि आठवडाभर रोज ठराविक वेळी वजन करा. वजन-दिवस असा आलेख काढा. दुसऱ्या कुंडीचा आलेख कोणत्या कुंडीच्या आलेखाजवळ जातो?

२. दोन सारखे तापमापक घ्या. निरभ्र रात्री एक उघड्या गच्चीवर व एक सज्जाच्या छपराखाली, मातीला टेकवून ठेवा. सूर्योदयापूर्वी दोन्ही वाचा. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करा आणि फरक का पडला ते सांगा.

३. शाळेत मोगऱ्याच्या दहा कुंड्या असतील तर चिठ्ठ्या टाकून पाच निवडा आणि त्यांना ताण व छाटणी द्या. उरलेल्या पाच नेहमीप्रमाणे ठेवा. मार्च ते मे रोज फुले मोजा. एकेका झाडावरून निष्कर्ष काढू नये; म्हणून तर पाच-पाच कुंड्या हव्यात.

शिक्षकांना एक सूचना: मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मेमध्ये सुट्टी, नेमक्या त्याच दिवसांत फुले मोजायची असतात. वही आणि पाणी यांची पाळी मुलांना आधीच ठरवून द्यावी. आणि जानेवारीत शाळेची आवारसफाई होते तेव्हा ‘रिकाम्या’ कुंड्यांतील माती ओतण्यापूर्वी बोटाने थोडी उकरून पाहावी. हाताला घट्ट, टणक कंद लागला तर ती कुंडी रिकामी नाही.