कॅडिस माशी आणि नव्या जातीचे वर्णन

धरमपेठेलगतच्या अंबाझरी तलावाकाठी रात्री दिवा लागला की नाना कीटक जमतात. या सर्वांना शास्त्रात नावे असलीच पाहिजेत, असा मुलांचा समज असतो. तो खरा नव्हे.

कॅडिस माशीचे उदाहरण पाहावे. हिच्या अनेक जातींची अळी ओढ्यात राहते व तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती नळीसारखे घर रचते. प्रौढ माश्या मात्र इतक्या सारख्या दिसतात की रंगावरून जात ठरत नाही. म्हणून अभ्यासक नराच्या पोटाचे टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मऊ भाग विरघळवितो, उरलेल्या कठीण अवयवांचे सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढतो आणि पूर्वी वर्णिलेल्या जातींशी ताडून पाहतो. काम कंटाळवाणे खरे! भेद निश्चित झाला, वर्णन छापले गेले व नमुना संग्रहालयात जमा झाला, म्हणजे जातीस नाव मिळते.

नावाने काय होते, हे सह्याद्रीतील अतिपावसाच्या आंबोलीस दिसले. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, एक लहान मासा राहतो. २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध होऊन त्यास ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. अनामिक माशीचा ओढा बुजला, तर काय नष्ट झाले याची नोंदही होत नाही.

मुलांना ओढ्यावर नेल्यास शिक्षकांनी दगड अलगद उलटून अळीची घरे दाखवावीत आणि दगड पूर्ववत ठेवावा.