दान आणि हिशेब

संकटकाळी समाजातील दातृत्व जागे होते. पूर्वी दुष्काळ किंवा महापूर आला की कार्यकर्ते झोळी घेऊन दारोदार फिरत. आता इंटरनेटच्या साहाय्याने असंख्य अपरिचितांकडून घरबसल्या वर्गणी गोळा करता येते. यालाच क्राउडफंडिंग म्हणतात. यात देणारा व मागणारा यांची भेटही होत नाही. म्हणूनच हा सारा व्यवहार विश्वासावर उभा असतो.

या विश्वासाचे बळ इंग्लंडमध्ये दिसून आले. एप्रिल २०२० मध्ये तेथे कोरोनाच्या साथीने थैमान घातले होते. राष्ट्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टर, परिचारिका व अन्य कर्मचारी जिवाची पर्वा न करता राबत होते. त्यांच्यासाठी कॅप्टन टॉम मूर हे निवृत्त सेनाधिकारी पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात भारत व ब्रह्मदेशात सेवा बजावलेले हे गृहस्थ तेव्हा ९९ वर्षांचे होते. शंभरावा वाढदिवस येण्यापूर्वी वॉकरच्या आधाराने घराच्या आवारात १०० फेऱ्या पूर्ण करण्याचा संकल्प त्यांनी सोडला आणि लोकांना १,००० पौंडांचे आवाहन केले. ३० एप्रिलला, त्यांच्या वाढदिवशी, जमलेली रक्कम ३ कोटी २० लाख पौंडांच्याही पुढे गेली होती! ती 'एनएचएस चॅरिटीज टुगेदर' या रुग्णालयांच्या धर्मादाय संस्थांच्या मध्यवर्ती संस्थेकडे गेली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मूर यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने २०२० मध्येच एक वेगळे प्रतिष्ठान स्थापन झाले होते. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त असतात, त्याप्रमाणे तेथे 'चॅरिटी कमिशन' धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवते. या आयोगाने २०२२ मध्ये प्रतिष्ठानाची चौकशी सुरू केली. कारभारात गैरवर्तन झाले आणि कुटुंबीयांना खासगी लाभ मिळाला, असा निष्कर्ष २०२४ च्या अहवालात नोंदविण्यात आला. फेऱ्यांतून जमलेला निधी मात्र या चौकशीचा विषय नव्हता. तो ठरलेल्या संस्थेलाच मिळाला होता.

दोन्ही ठिकाणी नाव एकच होते. परंतु कारभार वेगळा होता. थोर व्यक्तीचे नाव देणाऱ्याच्या मनात श्रद्धा निर्माण करते, पण पैशाची राखण नियम व हिशेबच करतात. म्हणून देणगी देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात: पैसा नेमका कोणाच्या खात्यात जाणार आहे? संस्था नोंदणीकृत आहे का? तिचे हिशेब तपासले जातात का? असे प्रश्न विचारणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. एका ठिकाणी विश्वासाला तडा गेला, की पुढच्या संकटात खऱ्या गरजवंतासमोरही हात आखडता घेतला जातो. आपल्याकडे दान सत्पात्री असावे असे म्हणतात. ते पात्र पारखून घेणे हे दात्याचेही कर्तव्य आहे.

स्वाध्याय
१. क्राउडफंडिंग विश्वासावर उभे असते, असे का म्हटले आहे?
२. फेऱ्यांतून जमलेला निधी व प्रतिष्ठान यांतील फरक स्पष्ट करा.
३. 'हात आखडता घेणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.