जुन्या बिनतारी गाडीची दुरुस्ती

इ. स. १८९८ मध्यें निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नौका तारेवांचून दुरून चालवून दाखविली. त्याच तत्त्वावर जपानच्या तामिया कंपनीनें १९८४ सालीं ‘ग्रासहॉपर’ ही खेळण्यांतील बग्गी काढिली. हातांतील नियंत्रक लहरी सोडतो, व गाडींतील ग्राहक त्या झेलून चाकें वळवितो आणि वेग बदलतो.

अशी एखादी जुनी गाडी घरांतील पेटींत सांपडल्यास ती टाकूं नये. परंतु लागलीच वीजही जोडूं नये. आपल्या वसईच्या खाऱ्या हवेनें तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरनें हळूच घांसावा. नियंत्रकांत राहिलेले अल्कलाइन सेल पाझरून पांढरा क्षार सांठतो. तो लिंबाच्या रसानें पुसून जागा कोरडी करावी. दंतचक्रांवरील घट्ट झालेलें वंगण काढून नवें बेतानेंच लावावें. जुनें प्लॅस्टिक ठिसूळ होतें; म्हणून स्क्रू काढितांना जोर करूं नये.

शेवटीं चाकें अधांतरीं ठेवून आधीं नियंत्रक व मग गाडी सुरू करावी. बंद करितांना क्रम उलटा. नियंत्रक बंद असतां गाडी भलत्याच लहरीनें धांवूं शकते.

ज्यानें एवढें स्वहस्तें केलें, त्यास विजेचा व घर्षणाचा धडा सहसा विसरत नाहीं.