जुन्या सायकलीला नवा रंग

आपल्या पाथरीत अनेक घरांच्या अंगणात एखादी जुनी सायकल भिंतीला टेकून उभी असते. तिच्या हँडलवर धूळ बसलेली असते. टायरला भेगा पडलेल्या असतात. साखळी गंजून घट्ट झालेली असते. कधी काळी दादाजान तिच्यावरून बाजाराला जात. अब्बा तिच्यावरून मानवतच्या रस्त्याने कामाला जात. पुढे घरात मोटारसायकल आली आणि सायकल कोपऱ्यात गेली. मग एके दिवशी भंगारवाला येतो, किलोच्या भावाने तिचे वजन करतो आणि तिला घेऊन जातो.

सायकल भंगारात देण्यापूर्वी तिच्याकडे एकदा नीट पाहा. शाळा लांब आहे म्हणून मुलीला घरी बसवणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ही अडचण ओळखूनच महाराष्ट्र शासनाने मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील अनेक मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या. पण एक सायकल तुमच्या अंगणातच पडून असेल तर? ती दुरुस्त झाली, तर तुमची धाकटी बहीण रोज वेळेवर शाळेत पोहोचू शकेल.

सायकल ही काही फार जुनी वस्तू नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी तयार केली. तिला पायडल नव्हते. पायांनी जमीन मागे रेटत ती चालवावी लागे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बनवली. आजच्या सायकलीचा आकार तेव्हापासूनचा आहे. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि बसणारे हादरे कमी झाले. आपल्या देशात पूर्वी इंग्लंडहून सायकली येत. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सोनीपतला अॅटलास आणि १९५६ साली लुधियान्याला हीरो सायकलींचे कारखाने सुरू झाले. खेड्यापाड्यांत जी काळी, उंच, मजबूत सायकल पोहोचली, ती अशाच कारखान्यांतली.

आता कामाला लागू या. पहिले काम रंगाचे नाही, पाहण्याचे आहे. फ्रेम स्वच्छ पुसा. नळ्या जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथले सांधे उजेडात नीट पाहा. पुढचा चिमटाही तपासा. एखादी बारीक भेग दिसली, तर काम तिथेच थांबवा आणि सायकल कारागिराला दाखवा. भेगेवर रंग लावला तर ती दिसेनाशी होते, पण बुजत नाही. हंगामात आपल्या रस्त्यावरून उसाने भरलेले ट्रॅक्टर जात असतात. अशा रस्त्यावर चिमटा तुटला तर काय होईल, याचा विचार करा. जी फ्रेम सुधारण्यासारखी नाही, ती खुशाल भंगारात द्या. त्यात काही कमीपणा नाही.

फ्रेम चांगली असेल तर सायकल सुटी करा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी तो कसा बसवला आहे याचे वहीत चित्र काढा. नट आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. चाकांतील छर्रे मोजून ठेवा, म्हणजे बसवताना एखादा कमी पडणार नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. इतर बोल्ट डावीकडे फिरवले की सुटतात, डावे पायडल मात्र उजवीकडे फिरवल्यावर सुटते. ते सरळ आट्यांचे असते, तर चालवता चालवता सैल झाले असते. घट्ट बसलेल्या नटावर तेलाचे थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. घाईने हातोडी मारली तर आटे खराब होतात.

आता गंज काढायचा. गंज म्हणजे काय? लोखंडाचा पाण्याशी आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन गंज तयार होतो. तो लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. पापुद्र्याखालचे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. म्हणूनच गंजावर थेट रंग देऊन उपयोग नाही. वरून सायकल चकचकीत दिसते आणि आत गंज आपले काम करीत राहतो. पुढे रंगाला फोड येतात आणि टवके उडतात.

गंज काढण्यासाठी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घ्या. आधी जाड खरीचा कागद वापरा, मग बारीक खरीचा. कागद पाण्यात भिजवून घासा आणि नाकाला कापड बांधा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. त्याची धूळ श्वासात जाणे वाईट. हँडल आणि रिम यांच्यावर चकाकणारा मुलामा असतो. तिथे अॅल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात बुडवून हळूहळू चोळा, गंजाचे डाग निघतात. साखळी आणि छर्रे डिझेलने धुवा; पण हे काम मोठ्या माणसांसमोर, मोकळ्या जागेत आणि विस्तवापासून दूर करा.

फ्रेम कोरडी करून तिच्यावरचे तेल पुसून काढा. तेलकट लोखंडावर रंग धरत नाही. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या, नाहीतर उघडे लोखंड पुन्हा गंजू लागते. तो वाळल्यावर बारीक कागद फिरवा आणि मग एनॅमल रंग लावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. जाड रंगाचे ओघळ येतात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात रंग वरून पटकन वाळतो आणि आत ओला राहतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे त्याची चकाकी जाते. तेव्हा हिवाळ्यातील सकाळ निवडा, सावलीत बसा आणि आधी जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही.

रंग कोणता द्यावा, हे ज्याची सायकल त्याने ठरवावे. जुन्या सायकली बहुधा काळ्या असत आणि काहींवर हाताने ओढलेल्या बारीक सोनेरी रेघा असत. तुम्ही हिरवी करा, निळी करा, फुले काढा. साखळीच्या झाकणावर बहिणीचे नाव लिहा. एका बाजूला उर्दूत उजवीकडून डावीकडे, दुसऱ्या बाजूला मराठीत डावीकडून उजवीकडे! पण मागच्या मडगार्डचा खालचा भाग पांढराच ठेवा आणि तिथे चमकणारी पट्टी लावा. अंधारात मागून येणाऱ्या वाहनाला ती दिसते.

मात्र जुना रंग आणि जुन्या रेघा चांगल्या असतील, तर त्या खरवडू नका. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची घडी घालता येणारी सायकलही तिथे पाहायला मिळते. जुन्या वस्तूवरचा मूळ रंग हीसुद्धा तिच्या काळाची एक खूण असते.

शेवटी जोडणी करा. छर्रे ग्रीसमध्ये बसवा. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर मात्र नवे घ्या. चाक वेडेवाकडे फिरत असेल तर त्याचा आऊट काढण्याचे काम कारागिराकडे द्या आणि तो आरे कसे ताणतो हे जवळ बसून पाहा. मग उतारावर नव्हे, सपाट मैदानात दोन्ही ब्रेक तपासा.

लोक तुमच्या सायकलीचा रंग पाहतील आणि वाहवा करतील. रंगाखाली घासलेले सांधे आणि ग्रीसमध्ये बसवलेले छर्रे कोणाला दिसणार नाहीत. पण तुमची बहीण रोज शाळेत जाऊन सुखरूप घरी येईल, ती त्या न दिसणाऱ्या कामाच्या जोरावर.

शब्दार्थ
भंगार – मोडके, टाकाऊ सामान
भेग – चीर, दरार
सांधा – जोड
चिमटा – पुढचे चाक ज्यात बसते तो सायकलीचा भाग
छर्रे – चाक सहज फिरावे म्हणून आत बसवलेल्या पोलादी गोळ्या
आटे – बोल्टवरील गोल चढत जाणाऱ्या खाचा
पापुद्रा – पातळ थर
रंगाचा हात देणे – रंगाचा एक थर लावणे
आरे – चाकाच्या तारा
सुखरूप – सहीसलामत

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) हवा भरलेला टायर कोणत्या साली आला?
(२) छर्रे मोजून का ठेवावेत?
(३) मडगार्डचा खालचा भाग पांढरा का ठेवावा?

प्र. २. कारणे लिहा.
(१) भेगेवर रंग लावू नये.
(२) डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.
(३) रंगकामासाठी हिवाळ्यातील सकाळ निवडावी.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
'न दिसणारे काम' असे लेखकाने कशाला म्हटले आहे? तुमच्या घरात असे काम कोण करते?

प्र. ४. भाषेचा अभ्यास
(अ) 'रंग', 'हवा', 'दुरुस्त', 'कारागीर' हे शब्द उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
(आ) काही शब्द ऐकायला सारखे, पण अर्थाने वेगळे असतात. उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडावरचा जंग. उर्दूत 'दादा' म्हणजे आजोबा. मराठीत 'दादा' म्हणजे मोठा भाऊ. हे शब्द मराठी अर्थाने वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

उपक्रम : जवळच्या सायकल दुकानात जा. तेथील कारागिराला पाच प्रश्न विचारा आणि त्याची उत्तरे मराठीत लिहून आणा.