हाक खराब करू नकोस

अगं, परवा फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, तू रडून घेतलं होतंस. जेसल पार्कच्या चौपाटीवर हरण्या हातातून सुटला, मांजरीमागे गेला आणि तू पाऊण तास खाडीकाठाने हाका मारत हिंडलीस. वर कुणीतरी ऐकवलं, "सांभाळता येत नाही तर कुत्रा पाळायचा कशाला?" ते मनाला लावून घेऊ नकोस बघ. दहा महिन्यांचा कारवानी, मीरा रोडचा फ्लॅट आणि रोजची लोकल, हे सगळं एकटीने निभावतेस, ते काय थोडं आहे?

खरं सांगू का, तो तुला जुमानत नाही असं मुळीच नाही. लॅब्राडॉरचं काम माणसाकडे बघत राहायचं आणि पाडलेला पक्षी उचलून आणून द्यायचा. कारवानीचं काम वेगळं. माळावर ससा उठला की तो नजरेत धरायचा आणि मालकाला पार मागे टाकून सुटायचं. कुठे वळायचं, कधी झेप घ्यायची, सगळं त्याचं त्याने ठरवायचं. मागे वळून विचारत बसला असता तर ससा कधीच गेला असता. दख्खनच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच स्वभाव निवडून जोपासला. मुधोळच्या घोरपडे राजांनी या कुत्र्यांना नाव मिळवून दिलं, म्हणून त्यांना मुधोळ हाउंडही म्हणतात. तुझ्या सोसायटीत त्याला 'हडकुळा' म्हणतात ना, त्यांना सांग, २००५ साली टपाल खात्याने याच्या जातीचं तिकीट काढलं होतं. शिकार कायद्याने कधीच बंद झाली, डोळे मात्र तेच राहिले. म्हणून मांजर पळताना दिसली की तुझी हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

आता माझी चूक ऐक. आमची बिजली वर्षाची असताना भाईंदर पश्चिमेच्या मिठागरांकडे मी तिला मोकळं सोडलं. बगळा उडाला आणि ही गेली. मी एकामागून एक हाका मारल्या. तासाभराने चिखलात माखून आपणहून आली, शेपूट हलवत. आणि मी काय करावं? धपाटा घातला, पट्टा अडकवला, तरातरा घरी आणून नळाखाली धरलं. त्यानंतर ती यायची, पण दोन हात लांब उभी राहायची. हात पुढे केला की मागे. ते दोन हात भरून काढायला मला चार महिने लागले गं. तिच्या हिशेबात 'ये' म्हणजे मजा संपली, मार आणि गार पाणी.

तुझाही 'ये' आता असाच झिजलाय. तो सोडून दे. नवा शब्द घे, घरात एरवी कुणी बोलत नाही असा. मी 'चल्लोऽऽ' घेतला. पहिले पंधरा दिवस तो फक्त घरातच वापर, स्वयंपाकघरातून, एकदाच म्हणायचा, आणि आला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. बिस्किटावर भागवू नकोस, सशाच्या तोडीचं काहीतरी हवं. आंघोळीला, कान साफ करायला, औषधाला हा शब्द चुकूनही नको. त्या वेळी तू उठून त्याच्याकडे जा.

मग बाहेर. दहा मीटरचा दोर घे, आणि तो हार्नेसला बांध, गळ्यातल्या पट्ट्याला अजिबात नको. हे धावायला लागले की दोन उड्यांत पूर्ण वेगात असतात, दोर संपला की मानेला जबर हिसका बसतो. शिवाय यांची मान डोक्याएवढीच जाड, साधा पट्टा सहज निसटतो. दोर हाताला गुंडाळू नकोस, माझी बोटं सोलून निघाली होती.

आणि बघ, सगळ्यात महत्त्वाचं हे: बोलावलंस, आला, खाऊ दिलास, की लगेच 'जा' म्हणून परत सोड. दहातल्या नऊ वेळा सोडच. येण्याने काही हिरावलं जात नाही, हे त्याला पटायला हवं. येत नसेल तर त्याच्यामागे धावू नकोस, तू उलट दिशेने पळ. पळणाऱ्याच्या मागे जाणं त्याच्या रक्तात आहे, ते एकदा आपल्या कामी येऊ दे. आणि उशिरा आला तरी कौतुकच. राग आतल्या आत गिळायचा, मला माहितीये किती कठीण आहे ते.

काशीमिऱ्याच्या हायवेजवळ मात्र दोराशिवाय कधीच नाही, पुढे कितीही शहाणा झाला तरी. मिठागरांतही नको, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांना का छळायचं? सुसाट धावू द्यायचं तर एखाद्या बंदिस्त क्रिकेट टर्फवाल्याला सकाळी लवकर अर्धा तास माग.

येत्या रविवारी ओहोटी सकाळची असली तर उत्तनच्या किनाऱ्यावर ये, ऊन चढायच्या आत. बिजलीला आणते. दोर माझ्याकडे आहे. चिकन तू आण, मीठ-मसाला न घालता, आणि बारीक तुकडे कर गं, नखाएवढे.