आपल्या घरासमोरील तट

(वाचन : नहेम्या, अध्याय २ ते ६)

नहेम्याच्या ग्रंथातील तिसरा अध्याय आपण बहुधा चाळून पुढे जातो. नावांमागून नावे, वेशींमागून वेशी! भाषांतर करणाऱ्यासही तेथे कंटाळा येतो, हे मी कबूल करतो. परंतु या अध्यायाच्या पूर्वार्धात मूळ हिब्रूत एक शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘त्याच्या हाताशी’ असा आहे. मराठीत आपण ‘त्याच्या शेजारी’ असे म्हणतो आणि तो हात हरवून बसतो.

इ.स.पूर्व ४४५ च्या सुमारास नहेम्या यरुशलेमेस आला. प्रथम त्याने रात्री, मोजकी माणसे बरोबर घेऊन, पडलेल्या तटाची पाहणी केली. मग त्या प्रचंड कामाचे चाळीसएक भाग पडले. कित्येकांच्या वाट्यास स्वतःच्या घरासमोरचाच भाग आला; मशुल्लामाच्या वाट्यास त्याच्या खोलीपुढचा. शल्लूम आपल्या मुलींसह राबला. मरेमोथाने एक भाग बांधून दुसराही घेतला, आणि तो केवढा? मुख्य याजकाच्या घराच्या दारापासून त्याच घराच्या टोकापर्यंत!

वाटणी झाली म्हणून काम हलके झाले, असे मात्र समजू नका. तट निम्म्या उंचीस आला तेव्हाच ओझी वाहणारे थकले, ढिगारे संपेनात, शत्रूंच्या धमक्या आल्या. नहेम्याने तेथेही कुटुंबाकुटुंबाने पहारा बसवला. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

आता आपल्या घराकडे पाहा. आपल्यापैकी अनेकजण बेंगळूर, दिल्ली, कोलकाता अशा शहरी राहतात; मुलांच्या शाळेत मराठी नाही. त्यांनी मराठी शास्त्र वाचावे, ही तळमळ खरी आहे. म्हणून जानेवारीत संकल्प होतो : वर्षभरात संपूर्ण बायबल. अध्याय १,१८९, म्हणजे रोज तीनांहून अधिक. लेवीय येईतो संकल्प मोडतो आणि मुलांच्या मनात अपराधीपणा तेवढा उरतो. आमच्या घरीही हेच झाले, आणि दोष माझा होता.

पुढे आम्ही मार्ककृत शुभवर्तमान घेतले. अध्याय १६. रात्रीच्या जेवणानंतर एकच परिच्छेद, त्यातील एक वचन धाकट्याने वाचायचे. तो जोडाक्षरापाशी अडला की, हाताशी बसलेल्या बहिणीने पुढचे वाचायचे.